मोंगोडीबीच्या सी-शार्प ड्रायव्हरमधून पार्शल इंडेक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये नोंदीला डॉक्युमेंट म्हणतात, आणि पार्शल इंडेक्स म्हणजे ठरावीक अटीत बसणाऱ्या डॉक्युमेंटांपुरताच बनवलेला, शोध जलद करणारा इंडेक्स. तो सी-शार्पच्या ड्रायव्हरमधून (कोड आणि डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररीतून) बनवताना ‘क्रिएटइंडेक्सऑप्शन्स’ नावाचे क्लास दोन आहेत, आणि सुरुवातीला हमखास चुकीचा उचलला जातो. साध्या क्लासमध्ये युनिक, नेम, स्पार्स (फिल्ड नसलेली डॉक्युमेंटं वगळणारा पर्याय), एक्स्पायरआफ्टर वगैरे मिळतं. ‘पार्शलफिल्टरएक्स्प्रेशन’, म्हणजे इंडेक्सची अट, फक्त जेनेरिक (टाइप सांगून वापरायच्या) क्लासमध्ये आहे, कारण अट म्हणजे फिल्टर, आणि फिल्टर डॉक्युमेंटच्या टाइपशी बांधलेला असतो. कोनी कंसात टाइप लिहायचा राहिला की प्रॉपर्टी सापडत नाही म्हणून कंपायलर अडतो. की (म्हणजे ज्या फिल्डवर इंडेक्स हवा ती) आणि ऑप्शन्स मिळून ‘क्रिएटइंडेक्समॉडेल’ होतं, ते ‘क्रिएटवनअसिंक’ला द्यायचं. ‘क्रिएटवनइंडेक्सऑप्शन्स’ हे तिसरंच प्रकरण आहे. त्यात कमिट कोरम (किती सर्व्हर तयार झाल्यावर इंडेक्स पक्का धरायचा) आणि कमांडची वेळमर्यादा असते, इंडेक्सच्या अटीचं काही नसतं. नावं ठेवताना जरा दया दाखवायला हवी होती.

रचना मात्र चांगली आहे. फिल्डचं नाव लॅम्डातून (कोडमधल्या छोट्या निनावी फंक्शनमधून) येतं, त्यामुळे नाव बदललं की कोड कंपाइलच होत नाही. पण ही सुरक्षितता इंडेक्स घडवतानाची आहे. क्वेरी तो इंडेक्स घेईल की नाही, याची हमी ड्रायव्हर देत नाही. सगळा त्रास या फटीतून येतो.

सर्वात जास्त छळतो तो सॉफ्ट डिलीट, म्हणजे डॉक्युमेंट न पुसता त्यावर ‘डिलीट झालं’ अशी खूण करणं. ‘इजडिलीटेड नॉट-इक्वल ट्रू’ अशी अट ड्रायव्हर आनंदाने स्वीकारतो आणि सर्व्हर रनटाइमला नाकारतो. पार्शल इंडेक्सच्या अटीत समानता, लहान-मोठेपणाच्या तुलना, ‘एक्झिस्ट्स ट्रू’, ‘टाइप’ आणि वरच्या पातळीवरचा ‘अँड’ चालतो. ‘ऑर’ आणि ‘इन’ सर्व्हर ६.० पासून आले. नकार चालत नाही. म्हणून अट ‘इजडिलीटेड = फॉल्स’ अशी लिहायची आणि ज्या जुन्या डॉक्युमेंटांत ते फिल्डच नाही, त्यांत आधी फॉल्स भरून घ्यायचं, नाहीतर ती इंडेक्सबाहेर राहतात.

खरी मेख पुढे आहे. लिंकमध्ये (LINQ, सी-शार्पमधूनच क्वेरी लिहायची सोय) उद्गारचिन्ह लावून ‘डिलीट नसलेले’ मागितले, तर ड्रायव्हर त्याचं ‘नॉट-इक्वल ट्रू’ करतो. ‘== फॉल्स’ लिहिलं तर सरळ समानता जाते. माणसाला दोन्ही सारखंच वाटतं. प्लॅनरला (कोणता इंडेक्स वापरायचा ते ठरवणाऱ्या सर्व्हरच्या भागाला) नाही, कारण पहिल्यात फिल्ड नसलेली डॉक्युमेंटंही येतात, आणि निकाल अपुरा पडण्याची शक्यता असेल तर तो पार्शल इंडेक्सला हात लावत नाही. मग कोड रिव्ह्यूत कुणीतरी ‘== फॉल्स कशाला?’ म्हणून ओळ नीटनेटकी करतं आणि इंडेक्स गुपचूप सुटतो. त्या ओळीवर कॉमेंट लिहून ठेवा. हाच नियम इतरत्रही लागतो: अट ‘स्टेटस = पेंडिंग’ असेल आणि क्वेरी पेंडिंग किंवा रीट्राय मागत असेल, तर हा इंडेक्स मिळणार नाही.

एनमचं (ठरावीक नावांतूनच किंमत घेणाऱ्या टाइपचं) दुखणं वेगळं आहे. डिफॉल्टने एनम आकडा म्हणून साठतो आणि अटही इंडेक्स बनवताना आकड्यातच गोठते. नंतर प्रॉपर्टीवर स्ट्रिंगचं ‘बीसनरिप्रेझेंटेशन’ लावलं (म्हणजे आकड्याऐवजी नाव साठवायला सांगितलं) की नवी डॉक्युमेंटं इंडेक्समध्ये शिरतच नाहीत. ॲप सुरू होताना इंडेक्स बनवायचा कोड चालत असेल तर नशीब, एरर ८६ (त्याच नावाचा पण वेगळा इंडेक्स आधीच आहे) येऊन भांडं फुटतं. एकदाच स्क्रिप्टने बनवला असेल तर काहीच आवाज होत नाही.

युनिक ईमेलसाठी ‘एक्झिस्ट्स ट्रू’ पुरत नाही. ड्रायव्हर रिकामी प्रॉपर्टी नल म्हणून लिहितो, नल असलं तरी फिल्ड ‘आहे’ असंच धरलं जातं, आणि नल ईमेलचा दुसरा ग्राहक आला की ई११०००, म्हणजे डुप्लिकेटची एरर. ‘ईमेल > रिकामी स्ट्रिंग’ ही अट ठेवा. तुलना स्ट्रिंगपुरतीच होत असल्याने नल आणि गैरहजर दोन्ही गळतात, आणि ठरावीक ईमेल शोधणारी साधी क्वेरी आपोआप अटीच्या आत बसते. सोबत स्पार्स लावू नका, सर्व्हर दोन्ही एकत्र घेत नाही.

नाव स्वतः द्या. आपोआप बनणारं नाव फक्त कींवरून ठरतं, अट त्यात येत नाही. ५.० पासून त्याच कींवर वेगवेगळ्या अटींचे इंडेक्स चालतात, पण नाव न दिल्यास दुसरा बनवताना पुन्हा ८६. अट नंतर बदलता येत नाही, ‘कोलमॉड’ या बदल करायच्या कमांडमध्ये ती सोयच नाही. नवा इंडेक्स नव्या नावाने बांधा, जुना लपवा, म्हणजे प्लॅनरच्या नजरेआड करा (४.४ पासून जमतं), एक-दोन दिवस बघा, मग ड्रॉप करा. युनिक असेल तर लपवलेला इंडेक्सही नियम लावत राहतो, हे विसरू नका.

फायदा कुठे? समजा १ कोटी ऑर्डरींपैकी ४० हजार पेंडिंग आहेत, तर इंडेक्समध्ये नोंदी तेवढ्याच. बाकीच्या ऑर्डरींवर लिहिताना त्याचा भार पडत नाही. उलट ९० टक्के डॉक्युमेंटं अटीत बसत असतील, तर साधाच इंडेक्स घ्या.

महत्त्वाच्या प्रत्येक क्वेरीची इंटिग्रेशन टेस्टमध्ये ‘एक्सप्लेन’ (सर्व्हर क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी कमांड) चालवून घ्या. ‘आयएक्सस्कॅन’ (इंडेक्समधून शोध) टप्प्यात ‘इजपार्शल’ ट्रू दिसलं पाहिजे. ‘कोलस्कॅन’ (सगळी डॉक्युमेंटं चाळणं) आला तर बिल्ड पाडा.