चोर्ला घाट, घरची पाच माणसं आणि तीन सेडान

बेळगावात सेडान घ्यायची असेल तर ती नुसती काँग्रेस रोडवर चालवून ठरवू नका. तिथं सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. गाडीचा खरा स्वभाव कळतो तो जांबोटी सोडून कणकुंबीकडं लागल्यावर, आणि त्यापुढं गोव्याकडं चोर्ला घाट उतरून परत चढताना. तेही मागं तीन माणसं, डिकी भरलेली आणि एसी चालू असताना. एका शोरूममध्ये आम्हाला टेस्ट ड्राइव्ह म्हणून मिळाली ती सर्व्हिस रोडवरून एक यू-टर्न, गाडीत मी आणि सेल्समन दोघंच. अशा फेरीतून रंग आणि स्क्रीन कळते, गाडी कळत नाही.

आमच्या घरी पाच जणं. मी, बायको, आई आणि दोन मुलं. बहीण म्हापशाला दिलेली, त्यामुळं चोर्ला हा आमचा पाहुण्याच्या घरचा रस्ता. जुनी हॅचबॅक काढायची ठरल्यावर मी ओळखीतल्या तीन गाड्या मागून घेतल्या: निपाणीच्या मेव्हण्याची नवी मारुती डिझायर, वडगावच्या काकांची नवी होंडा अमेझ आणि कारखान्यातल्या मित्राची फोक्सवॅगन व्हर्टस, १.० टीएसआय म्हणजे एक लिटरच्या टर्बो इंजिनाची. तिन्ही पेट्रोल, तिन्ही हातानं गिअर टाकायच्या. तिन्हींत हीच पाच माणसं आणि हाच घाट. ह्युंदाईची ऑरा आणि टाटाची टिगोर मी चालवलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

आधी इंजिनाचं सांगतो, कारण तो माझा रोजचा विषय आहे. मी उद्यमबागेत क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगवर काम करतो. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालण्याचं गोल फिरणं करणारा इंजिनातला दांडा. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या डिझायरमध्ये मारुतीनं जुनं चार सिलिंडरचं इंजिन काढून तीन सिलिंडरचं बसवलं. ताकद ९० पीएसवरून (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच) साधारण ८२ वर आली, टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ११२ एनएमच्या आसपास राहिला. त्यानंतर महिन्याभरात आलेल्या अमेझमध्ये होंडानं चार सिलिंडरचंच १.२ लिटर ठेवलं: ९० पीएस, ११० एनएम. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. चार सिलिंडर असले की दर १८० अंशांना एक ठोका पडतो, तीन असले की २४० अंशांना. मधली जागा वाढते. शिवाय तीन पिनांचा क्रँक चालताना पुढून मागं झुलायला बघतो, चार पिनांचा तसा झुलत नाही. सपाट रस्त्यावर हे सगळं माउंटिंगचे रबर पोटात घेतात. चढावर, भरल्या गाडीत, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन दमायला आलं की ती थरथर क्लचच्या पायाला लागते.

असं असूनही डिझायर चढावर मागं पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ती मुळात हलकी आहे आणि तिचा टॉर्क अमेझच्या आधी हाताशी येतो, ४,३०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर. अमेझचा पूर्ण टॉर्क ४,८०० ला. म्हणजे अमेझला घाटात वर न्यायचं तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन फिरवावं लागतं, आवाज चढतो. पण तो आवाज सलग आहे, त्यात खडखड नाही, आणि गाडी जेवढं मागाल तेवढं देत जाते. मला हे आवडतं. वळणातून बाहेर येताना किती ताकद मिळणार हे पायाला आधी माहीत असतं.

व्हर्टस या दोघींच्या वरच्या वर्गातली. तिचंही इंजिन तीनच सिलिंडरचं, तेही फक्त ९९९ सीसी, पण टर्बोमुळं, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्यामुळं, ११५ पीएस आणि १७८ एनएम. हा १७८ चा टॉर्क १,७५० आरपीएमपासूनच हजर असतो, म्हणून मोकळ्या चढावर ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अशी ओढते की ट्रकच्या मागं अडकून राहण्याची पाळीच येत नाही. प्रश्न आहे तो त्या १,७५० च्या खालचा. चोर्ल्याच्या आखूड वळणात समोरून बस आली, तुम्ही जवळजवळ थांबलात आणि परत उचलायला गेलात, की टर्बो फिरू लागेपर्यंत हातात असतं ते नुसतं एक लिटरचं इंजिन. अशा ठिकाणी पहिला गिअर टाकायची लाज बाळगू नये. मित्रानं हे मला आधीच सांगितलं होतं, म्हणून त्रास झाला नाही.

वळणं घेण्यात व्हर्टसला तोड नाही. स्टिअरिंग वळवलं की पुढचं चाक तिथंच जातं, बॉडी कलत नाही, खराब डांबरावरही गाडी रस्ता सोडत नाही. एकटा असतो तर मी तीच घेतली असती. पण मागची सीट विचारात घ्या. मधल्या माणसाच्या पायात गाडीच्या तळाचा मधला उंचवटा येतो. बसायची जागा खाली आहे, आईचे गुडघे दुखतात, तिला आत जाताना दाराला धरावं लागलं आणि उतरताना मला हात द्यावा लागला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घरातून गाडीत आणि गाडीतून घरात जाणं हाच प्रवासाचा अवघड भाग असतो. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचा आकडा नसतो.

डिझायरचं स्टिअरिंग तिघींत सर्वांत हलकं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर, शहापूरच्या बोळांत, शनिवारच्या बाजारात तिच्यासारखी गाडी नाही. क्लचही लोण्यासारखा. घाटात मात्र तो हलकेपणा मला थोडा कमी बोलका वाटला. लागोपाठ उजवं-डावं वळण आलं की गाडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते, ते मागच्या माणसांना कळतं. मुलीला घाट लागतो. कणकुंबीच्या पुढं ती गप्प झाली आणि आई म्हणाली, "हळू घे की रे बाळ, पोरीच्या पोटात ढवळायलंय." वेग फार नव्हता. अमेझही कलते, मऊच आहे ती, पण कलणं सावकाश आणि एकसारखं होतं. खड्डा गेल्यावर गाडी एकदाच खालीवर होते आणि स्थिर राहते. त्या गाडीत मुलगी घाटाखालच्या केरीपर्यंत बडबडत आली. तिच्यापुरता निकाल तिथंच लागला.

उताराबद्दल फार कुणी लिहीत नाही, म्हणून जरा थांबतो. तिन्ही गाड्यांना पुढं डिस्क, मागं ड्रम. पाच माणसांची गाडी उतरवताना ब्रेकवर पाय ठेवूनच आलात तर खालपर्यंत ब्रेक तापतात, पेडल मऊ लागतं. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आजही खरा. दुसऱ्या गिअरमध्ये अमेझचं १.२ लिटरचं इंजिन गाडीला चांगलं धरून ठेवतं, डिझायरचंही. व्हर्टसचं इंजिन लहान आणि गाडी जड, त्यामुळं ब्रेक थोडा जास्त वापरावा लागतो.

आता हंप. आमच्या गावागावांतल्या हंपांची उंची कुणी मोजून बांधत नाही. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, १६३ मिलिमीटर, अमेझचा १७२, व्हर्टसचा १७९. पण व्हर्टसच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २,६५१ मिलिमीटर, म्हणजे अमेझपेक्षा सुमारे १८ सेंटिमीटर जास्त. गाडी लांब असली की हंपाच्या माथ्यावर पोट खाली येतं, त्यामुळं अमेझपेक्षा जास्तीचे सात मिलिमीटर तिथंच खर्ची पडतात. भरल्या गाडीनं तिन्हीत हंप तिरका घ्या.

डिकी: व्हर्टस ५२१ लिटर, अमेझ ४१६, डिझायर ३८२. दिवाळीच्या फराळाचे डबे, दोन बॅगा, कुंद्याचे बॉक्स आणि बहिणीसाठी तांदळाचं पोतं अमेझमध्ये बसलं. डिझायरमध्ये एक बॅग मांडीवर आली. सीएनजीची डिझायर घेतली तर टाकी डिकीतच येते आणि ताकद ७० पीएसच्या आत जाते. निपाणी-कोल्हापूर हायवेला ती चालेल, आमच्या घाटाला मी सुचवणार नाही.

पैशाचा हिशेब थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. डिझायर आणि अमेझ दोन्ही ३,९९५ मिलिमीटरच्या, म्हणून त्यात बसतात. व्हर्टसचं इंजिन त्यांच्याहून लहान, पण लांबी साडेचार मीटरच्या वर, म्हणून तिला ४० टक्के. त्यावर कर्नाटकाचा रोड टॅक्स. कोल्हापूरला एमएच ०९ पासिंग करून गाडी इथं कायमची वापरायचा सल्ला देणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, इथला टॅक्स शेवटी भरावाच लागतो.

सुरक्षेत डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढांसाठी पाच तारे मिळाले, मारुतीची तशी ती पहिलीच गाडी. व्हर्टसलाही पाच. अमेझच्या वरच्या मॉडेलमध्ये कॅमेऱ्यावर चालणारी एडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा आहे, ती हायवेला उपयोगी. पावसाळ्यात कणकुंबीला धुकं उतरलं की कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नये, फॉग लॅम्प लावून पुढच्या गाडीपासून लांब राहावं.

आम्ही अमेझ बुक केली आहे, मॅन्युअल. मेव्हणा म्हणाला, "दाजी, लिटरमागं पाच-सहा किलोमीटर सोडालाय तुम्ही." कंपनीच्या आकड्यांत ते खरंच आहे, २४.७९ विरुद्ध १८.६५. तो रोज निपाणीहून कोल्हापूरला एकटा जातो, मध्ये ना घाट ना मागं कुणी बसलेलं, त्याला डिझायरच योग्य. हुबळी-धारवाडला हायवेनं सतत जाणारा, घरात म्हातारं माणूस नसलेला कुणी विचारेल तर मी त्याला व्हर्टस सांगेन, आणि एकदा चालवायला द्या म्हणेन.