सेकंडहँड सियाझ: इंजिन ठणठणीत, भांडण बॅटरीचं

मारुतीची सेकंडहँड सियाझ घेऊन वर्ष उलटलं. २०१९ची, १.५ पेट्रोल, मॅन्युअल. फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, ते उगाळत नाही. लिहायला बसलो ते बॅटरीमुळे. सेकंडहँड घेणाऱ्याला हे आधी कळायलाच हवं.

या गाडीत सिग्नलला थांबलं की पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप बंद होतं, त्याला ऑटो-स्टॉप म्हणतात. पावसाळ्यात ते बंद होईनासं झालं. एसीचा ब्लोअर जोरात असला, इंजिन तापलेलं नसलं किंवा सीटबेल्ट लावलेला नसला तर ऑटो-स्टॉप चालत नाहीच. पण हे सगळं नीट असूनही ढिम्म. हायवेवरच्या एका मोठ्या मल्टिब्रँड गॅरेजात नेली. स्कॅनर लावून सुपरवायझर म्हणाला, "साहेब, हायब्रिडची लिथियम बॅटरी गेली. बदलावी लागेल." हायब्रिड म्हणजे इंजिनाच्या मदतीला छोटी इलेक्ट्रिक मोटर; तिची ही बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली असते. आकडा ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात चारही टायर नवे येतील. स्कॅनरवरचा एरर कोड दाखवा म्हटलं तर टाळाटाळ, तपासणीचे पैसे मात्र रोख घेतले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं आणि पहिलाच प्रश्न केला, "ही बॅटरी कुणी बसवली?" या गाडीत लिथियमशिवाय बॉनेटखाली लेड-ॲसिड बॅटरी असते, तीही स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांसाठीची, सतत चार्ज-डिस्चार्ज सोसणारी. आधीच्या मालकाने तिथे स्वस्तातली साधी टाकली होती. लोड टेस्टर लावला: नुसती असताना साडेबारा व्होल्ट, भार देताच काटा नऊच्या खाली. योग्य जातीची बॅटरी बसवली आणि दोन-तीन दिवसांत ऑटो-स्टॉप पूर्ववत. लिथियमला कुणी हातही लावला नाही.

घेताना हे हायब्रिड मला नको होतं, पुढे खर्चात पाडेल असं वाटायचं. आता मत बदललंय. कंपनीचा दावा लिटरला २१.५६चा, मला पुण्यात १४च्या आसपास मिळतं, कोल्हापूरला शांतपणे नेली तर १९-२०. ऑटो-स्टॉप बंद होता तेव्हा शहरातलं ॲव्हरेज एखाद्या किलोमीटरने घसरलं होतं. पेट्रोलच्या आजच्या भावात तेवढंही मला सोडायचं नाही.

२०१९ची घेत असाल तर आणखी एक तपासा. १ जानेवारी ते २१ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या पेट्रोल हायब्रिड सियाझ, एर्टिगा आणि एक्सएल६ मिळून ६३,४९३ गाड्या कंपनीने मोटर जनरेटर युनिटच्या, म्हणजे याच हायब्रिड मोटरच्या, तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघा, काम झालंय की नाही ते.

बाकी इंजिनाबद्दल तक्रार शून्य. टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. ५१० लिटरच्या डिकीत गणपतीला गावी जाताना पाच जणांचं सामान आरामात मावतं. २०२५मध्ये मॉडेल बंद झालं म्हणून काहीजण घाबरवतात, पण हेच इंजिन एर्टिगात आणि ब्रेझातही आलं, त्यामुळे इंजिनाच्या पार्ट्सची चिंता मला वाटत नाही. चिंता वाटते ती पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची, कारण ही गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. म्हणून इंधनाचे पाइप दर सर्व्हिसिंगला उघडून बघायला लावतो.

सध्या खड्ड्यात पुढून खट्ट आवाज येतोय, लोअर आर्मचे बुश (चाकाच्या जोडणीतले रबर) गेलेत. दिवाळीआधी ते काम उरकतो. त्या हायवेवरच्या गॅरेजात मात्र नाही.