संमतीचा अर्ज की कलम १३ चा अर्ज: घटस्फोटाची कागदपत्रे तयार करण्यापूर्वी

वकिलाकडे जाण्यापूर्वी बहुतेक जण कागदपत्रांची यादी विचारतात, आणि ती यादी दोन्ही मार्गांसाठी जवळजवळ सारखीच असते: विवाह नोंदणीचा दाखला, तो नसल्यास लग्नपत्रिका व फोटो, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले, वकीलपत्र, आणि अर्जातील मजकूर खरा असल्याचे प्रतिज्ञापत्र. मार्ग मात्र या यादीवरून ठरवू नये. अर्जात काय लिहून ते न्यायालयाला पटवून द्यावे लागणार आहे, यावरून ठरवावा. येथे हिंदू विवाह कायदा, १९५५ मधील कलम १३ब (दोघांच्या संमतीने घटस्फोट) आणि कलम १३ (एका पक्षाच्या अर्जावर घटस्फोट) यांची तुलना केली आहे; विशेष विवाह कायद्यात संमतीसाठी कलम २८ आणि एका पक्षाच्या अर्जासाठी कलम २७ आहे.

संमतीच्या अर्जावर पती-पत्नी दोघेही सही करतात आणि त्यात एकमेकांवर आरोप करण्याची गरज नसते. किमान एक वर्ष वेगळे राहत आहोत, एकत्र नांदणे शक्य झाले नाही आणि विवाह संपवण्यास दोघेही राजी आहोत, एवढे मांडावे लागते. या अर्जाचे सारे वजन समझोत्याच्या अटींवर असते, आणि घाईत सर्वाधिक दुर्लक्ष त्यांच्याकडेच होते. ‘पोटगीचा प्रश्न मिटला आहे’ असे मोघम वाक्य पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. रक्कम किती, ती एकदम की हप्त्यांनी, कोणत्या तारखेला व कोणत्या खात्यात. स्त्रीधन परत मिळाले असल्यास दागिन्यांची वजनासह यादी. घरावर कर्ज असल्यास हप्ते कोण भरणार, बँकेची संमती कोण आणणार आणि हक्कसोडपत्र कधीपर्यंत नोंदवले जाणार. मुलांचा ताबा कोणाकडे, दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी कोणी भरायची, पासपोर्टसाठी सही कोण देणार. आणि परस्परांविरुद्ध चालू असलेल्या तक्रारी व दावे कोणत्या टप्प्यावर मागे घ्यायचे, हे सर्व स्पष्ट लिहावे. मुलाच्या पोटगीचा हक्क आई-वडिलांच्या आपसांतील करारामुळे संपत नाही, हे दोघांनीही समजून घ्यावे.

अर्ज दाखल केल्यावर सहा महिन्यांनी दोघांना पुन्हा न्यायालयापुढे यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात ही मुदत योग्य प्रकरणी माफ करता येते असे ठरवले. मात्र त्यासाठी अर्ज दाखल करण्यापूर्वीच वेगळे राहण्याचा दीड वर्षाचा काळ पूर्ण झालेला असावा आणि पोटगी व ताब्याचे प्रश्न खरोखर मिटलेले असावेत. म्हणून वेगळे झाल्याची तारीख दाखवणारा भाडेकरार किंवा तत्सम कागद आधीच जवळ ठेवावा.

कलम १३ चा अर्ज एकट्याने करता येतो, पण त्यात क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षांचा परित्याग अशा कायद्यातील कारणांपैकी एक तरी सिद्ध करावे लागते. ‘त्रास दिला’ एवढे लिहून भागत नाही. कोणती घटना, कधी, कोठे, कोणासमोर, हे क्रमाने यावे लागते. दवाखान्याची कागदपत्रे, पोलिसांतील तक्रारीची प्रत, बँकेचे उतारे जोडावे लागतात. मोबाइलवरील संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मूळ फोन विकू नये की त्यातील मजकूर पुसू नये. अपमानाने पोळलेला माणूस सारे काही लिहून काढतो, ते स्वाभाविकही आहे. परंतु सिद्ध न होणारा आरोप उलटतपासणीत खऱ्या आरोपांनाही कमकुवत करतो. मोजक्या आणि पुराव्यानिशी मांडलेल्या घटना अधिक टिकतात.

या मार्गात अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा प्रश्न लवकर उभा राहतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर अशा प्रकरणात दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे आणि गुंतवणुकीचे तपशील त्यासाठी लागतात.

समोरची व्यक्ती अटींवर सही करायला खरोखर तयार असेल, तर माझे मत निःसंशय संमतीच्या बाजूने आहे. मात्र हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून संपूर्ण रक्कम किंवा घराचा हक्क पहिल्याच तारखेला देऊन टाकू नये. शेवटचा हप्ता दोघे पुन्हा न्यायालयापुढे येतात त्या दुसऱ्या जबाबाच्या दिवशी ठेवावा. धमकी किंवा मारहाण चालू असताना केवळ लवकर सुटका व्हावी म्हणून दबावाखाली संमतीवर सही करणे मला अयोग्य वाटते. तेथे कलम १३ चा अर्ज करावा; पुढे खरा समझोता झाल्यास त्याच प्रकरणाचे संमतीच्या अर्जात रूपांतर करण्याची विनंती न्यायालयाला करता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा; स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.