म्हापशाचे टेपवाले: कॅसेट प्लेअरची दुरुस्ती, आणि ती आम्हाला का हवी होती

म्हापशाच्या मार्केटमागच्या एका गल्लीत एक गृहस्थ अजून टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. दुकानाला पाटी नाही. गल्लीत शिरून कोणालाही ‘टेपवाले खंय?’ असं विचारलं की लोक बोट दाखवतात. नाव छापू नको, असं त्यांनीच सांगितलं. एकटे आहेत, वय झालंय, गर्दी झेपत नाही. मी त्यांना मामा म्हणते, ते मला बाय म्हणतात.

आमचं फोंड्याचं हौशी नाट्यमंडळ. यंदाच्या एकांकिकेत मुख्य पात्र एक कॅसेट आहे, त्यामुळे 1979 च्या सुमारास घराघरात असायचा तसला, आडवा ठेवायचा, एका स्पीकरचा टेपरेकॉर्डर रंगमंचावर खरोखर चालायला हवा होता. मोबाइलवरून आवाज सोडायचा आणि खोका नुसता दिसायला ठेवायचा, हे मला पटलं नाही. बटण खट्कन बसतं, टेप फिरायला लागते, आधी नुसती खरखर येते आणि मग माणूस बोलतो. त्या खरखरीतच प्रेक्षक कान पुढे करतात. 1979 च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये अख्ख्या देशाने असाच कान पुढे केला होता.

यॉर्कशायर परगण्यात 1975 पासून बायकांचे खून होत होते. तपासाचे प्रमुख जॉर्ज ओल्डफील्ड. 1978 च्या मार्चमध्ये यॉर्कशायरबाहेरच्या, ईशान्य इंग्लंडमधल्या सुंदरलंड शहरातून, मीच खुनी असं म्हणणारी पत्रं आली, पुढच्या मार्चमध्ये आणखी एक, आणि त्यानंतर ही कॅसेट. ‘मी जॅक’ म्हणून सुरुवात आणि ओल्डफील्डना अजून मी सापडत नाही अशी टोचणी, सगळं मिळून तीनेक मिनिटं. पत्रांमध्ये 1888 च्या लंडनमधल्या, खुनी ‘जॅक द रिपर’च्या नावाने आलेल्या कुप्रसिद्ध पत्रांची नक्कल होती, आणि ती जुनी पत्रंही बहुतेक बनावटच मानली जातात. पोलिसांनी 26 जून 1979 रोजी पत्रकार परिषद घेऊन कॅसेट वाजवली. पुढे फोन फिरवून कोणालाही तो आवाज ऐकता येईल अशी सोय केली, जाहिरातींवर प्रचंड खर्च केला. आवाज होता जॉन हंबल नावाच्या सुंदरलंडच्याच एका माणसाचा. त्याने कोणालाही मारलं नव्हतं.

तर टेपरेकॉर्डर. माझ्या मावसभावाच्या पोटमाळ्यावरचा, बरीच वर्षं बंद पडलेला. गोव्याच्या दमट हवेत या वस्तूंचं काय होतं ते सांगायला नको: स्क्रूंना गंज, कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी. मामांनी झाकण उघडलं, बॅटरी टाकून मोटर फिरते का पाहिलं आणि म्हणाले, “बेल्ट गेलो, बाय. हेड बरो आसा.” जुना बेल्ट वितळून काळ्या डांबरासारखा चाकांना चिकटला होता. तो त्यांनी कापसाने आणि स्पिरिटने धीराने खरवडून काढला, रबरी रोलर घासला, टेप वाचणारं हेड पुसलं, तिरकं बसलेलं हेड बारीक पेचकसाने सरळ केलं. हे सगळं मला समोर बसवून, दाखवत दाखवत. आजकाल कोण दाखवतं?

सगळ्यात मोलाचं काम होतं वेगाचं. बेल्ट सैल असला की टेप हळू चालते आणि आवाज जाड होतो, माणूस दुसराच वाटतो. मामांकडे एकाच सुराची एक चाचणी कॅसेट आहे. ती लावून, मोबाइलवर कंपनं मोजत, मोटरच्या मागच्या भोकातून स्क्रू केसभर फिरवत ते सूर जाग्यावर आणतात. हे बघताना अंगावर काटा आला, कारण त्या तपासाचं सगळं ओझं एका टेपमधल्या आवाजावर पडलं होतं. लीड्स विद्यापीठाचे बोलीतज्ज्ञ स्टॅन्ली एलिस यांनी तो ऐकून सुंदरलंडमधला कॅसलटाउन हा भाग सांगितला. त्यांचं काम अचूक होतं, हंबल त्याच बाजूचा निघाला. पण हाच खुनी आहे, असं बोलीवरून ठरत नाही. पाठवणारा फसवत असेल, अशी शंका तज्ज्ञांनीही पुढे पोलिसांना कळवली होती. पोलिसांनी मात्र त्या आवाजाचीच चाळणी केली. ज्याची बोली तशी नाही, तो संशयितांच्या यादीतून बाहेर.

दुसरा आधार होता रक्तगट. पाकिटाच्या गोंदावरच्या थुंकीवरून पाठवणारा बी गटाचा निघाला, आणि पत्रात उल्लेख असलेल्या प्रेस्टनमधल्या 1975 च्या एका खुनातला नमुनाही बी गटाचाच होता. तो खून या मालिकेतला नव्हताच. कित्येक वर्षांनी डीएनएने तिसऱ्याच माणसाचं नाव पुढे आलं. दोन योगायोग एकमेकांना टेकून उभे राहिले आणि त्यांचा पुरावा झाला.

खरा खुनी पीटर सटक्लिफ हा ब्रॅडफर्डचा ट्रकचालक. संपूर्ण तपासात पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली. 1979 च्या उन्हाळ्यात अँड्र्यू लॅप्ट्यू या शिपायाला त्याचा दाट संशय आला. त्याने अहवाल दिला, पण बोली जुळत नाही म्हणून तो बाजूला पडला. आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हे: हल्ल्यातून वाचलेल्या बायका होत्या. त्यांच्यातल्या ऑलिव्ह स्मेल्ट यांनी, हल्लेखोर यॉर्कशायरच्याच बोलीत बोलला, असं सांगितलं होतं. तिच्या कानांनी ऐकलेलं मागे पडलं आणि टपालाने आलेली फीत पुढे झाली. आमची एकांकिका एवढ्याचसाठी आहे. पोलीस मूर्ख होते असं मी म्हणणार नाही. ओल्डफील्ड त्या तपासाने खचले, त्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पण कोणाचा आवाज ऐकायचा हे ठरवताना जिवंत बाईचा आवाज हलका पडला, हे मी म्हणणारच.

कॅसेट आल्यानंतर बार्बरा लीच, मार्गेरीट वॉल्स आणि जॅकलिन हिल मारल्या गेल्या. पहिली आणि तिसरी वीस वर्षांच्या विद्यार्थिनी. हंबलने 1979 च्या सप्टेंबरमध्ये निनावी फोन करून टेप बनावट असल्याचं सांगितलं, तेव्हा कोणी ऐकलं नाही. सटक्लिफ 2 जानेवारी 1981 रोजी शेफील्डमध्ये सापडला तो गाडीच्या खोट्या नंबरप्लेटमुळे. हंबल सापडला 2005 मध्ये, त्याच पाकिटाच्या गोंदावरच्या डीएनएमुळे, आणि 2006 मध्ये त्याला 8 वर्षांची शिक्षा झाली. कोणी म्हणेल, खून तर दुसऱ्यानेच केले. मला ती शिक्षा जास्त वाटत नाही.

आम्ही मूळ टेप वापरत नाही. त्या बायकांच्या घरची माणसं आहेत, आणि त्या आवाजाला पुन्हा मंच द्यायची माझी इच्छा नाही. संवाद आमचे आहेत. आवाज पेडण्याच्या एका मुलाचा आहे, आणि सटक्लिफचं काम करणारा फोंड्याचा. गोव्यात पेडण्याचा माणूस आणि अंत्रुजचा, म्हणजे फोंड्याकडचा, माणूस बोलीवरून दोन वाक्यांत ओळखता येतो, त्यामुळे पोलीस कसे अडकले हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. फोंड्यात हा विषय दूरचा वाटणार नाही, हेही मला माहीत आहे. बायकांचे खून करणारा शिरोड्याचा महानंद नाईक 2009 मध्ये पकडला गेला, तोवर कित्येक घरांतल्या मुली वर्षानुवर्षं नुसत्या ‘बेपत्ता’ होत्या. तिथे कोणी खोटी कॅसेट पाठवली नव्हती. तरी घरच्यांचं म्हणणं किती गांभीर्याने घेतलं गेलं, हा प्रश्न आमच्या तालुक्यात अजून विचारला जातो.

मामांनी दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर तालमीत रोज लागतो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जातो, वेग हलत नाही. रिवाइंड जरा कुरकुरतं. त्याचा दातेरी चाकाचा भाग आता मिळत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. 850 रुपये घेतले. आमच्या कोऱ्या कॅसेटची बुरशी काढून दिली, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तक्रारी दोन. बिल देत नाहीत, त्यामुळे मंडळाच्या हिशेबात लिहिताना पंचाईत होते. आणि दिलेली तारीख पाळली जात नाही: आमचं काम चवथीच्या आधी होणार होतं, ते चवथीनंतर बरंच लांबलं, आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. नाटकाची तारीख ठरली असेल तर महिनाभर हातात ठेवून जा. कामाच्या दर्जासाठी मात्र मी बिनशर्त शिफारस करते.

शुक्रवारी जाऊ नका, म्हापशाचा बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि मामाही बोलायच्या मनःस्थितीत नसतात. मंगळवार-बुधवारी सकाळी जा. स्वतःची कॅसेट बरोबर न्या, तिच्यावर ओळखीचा आवाज असू दे, आणि मशीन घरी आणायच्या आधी तिथेच बसून ती पूर्ण ऐका.