आठ महिने चाकावर: महाविद्यालयीन सिरॅमिक्स वर्गाचा अनुभव

जळगावातील एका महाविद्यालयाच्या स्टुडिओत शनिवार-रविवारी भरणाऱ्या सिरॅमिक्सच्या वर्गाला मी ऑक्टोबरपासून जाते आहे. हा वर्ग घेण्याजोगा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र खान्देशातील उन्हाळ्याचा विचार त्याच्या आखणीत पुरेसा झालेला नाही.

पहिले तीन आठवडे आम्हांला केवळ माती मळायला लावली. तेव्हा वेळ वाया जातो आहे असे वाटले, पण नीट न मळलेला गोळा फिरत्या चाकावर तळहाताला कसे धक्के देतो, हे कळल्यावर ती तक्रार संपली. गोळा मध्यावर बसवायला मला दोन महिने लागले. मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढून ठेवायला शिक्षकांनी सांगितले होते; वाळल्यावर ती ९.४ आणि स्टोनवेअरच्या, म्हणजे माती दगडासारखी घट्ट करणाऱ्या जास्त आचेच्या भाजणीनंतर ८.८ भरली. चहाचा कप घडवताना हातात मोठा का वाटला पाहिजे, हे मला त्या रेघेने पटवले.

खरी परीक्षा मार्चनंतर सुरू झाली. इथल्या कोरड्या उष्ण वाऱ्यात वाडग्याचा काठ दुपारपर्यंत वाळून पांढरा पडे आणि बूड ओलेच राही. मग आकसण्याच्या ओढाताणीत माझ्या नऊपैकी पाच वाडग्यांना चिरा गेल्या. त्यानंतर मी काठावर प्लॅस्टिक गुंडाळून, भांडी उपडी ठेवून, भोवती ओले गोणपाट टांगून त्यांना चार-पाच दिवस सावकाश वाळवू लागले. ही युक्ती पहिल्याच सत्रात शिकवायला हवी होती.

माझी मोठी नाराजी भट्टीबद्दल आहे. भट्टी महिन्यातून एकदाच लागते, आणि एप्रिलमध्ये जागा भरण्याच्या घाईत माझी जाड बुडाची बरणी पुरती वाळली आहे की नाही हे न पाहताच आत ठेवली गेली. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटली आणि तिच्या ठिकऱ्यांनी शेजारच्या दोन मुलींची भांडीही गेली. मला ते फार लागले, कारण सुरुवातीला आच मंद ठेवण्याचे, तसेच ५७३ अंशांच्या आसपास मातीतील क्वार्ट्झ हे खनिज एकाएकी फुगते म्हणून तिथे सबुरी धरण्याचे धडे आम्ही त्याच वर्गात घेतले होते.

त्या बरणीचे तुकडे मी आमच्या गल्लीतल्या कुंभार आजोबांना दाखवले. त्यांनी एक तुकडा बोटांत फिरवला आणि म्हणाले, "बूड जाड राही गयं, माय." माठाचे बूड ते थापीने बाहेरून ठोकत आणि आतून दगडी गोळ्याचा आधार देत पातळ करतात. त्यांचा माठ कमी आचेवर भाजलेला असल्याने सच्छिद्र राहतो, पाझरलेले पाणी बाहेरून उडते आणि आतले गार होते. आमचे १२०० अंशांपुढे भाजलेले, ग्लेझ म्हणजे काचेसारखा लेप दिलेले भांडे चहाला उत्तम, पण पाणी गार करण्याच्या कामी ते येणार नाही. गिरणा-तापीच्या काठी, बहाळ आणि प्रकाशे इथे, ताम्रपाषाणयुगीन रंगीत खापरे उत्खननात सापडली आहेत. अशा मुलखात शिकवताना थापीचे काम अभ्यासक्रमात नसावे, ही मला मोठी उणीव वाटते.

शुल्कात माती आणि बिस्क, म्हणजे ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी येते, ग्लेझचे पैसे वेगळे पडतात. ज्यांना नाव घालायचे आहे त्यांनी जुलैचे सत्र घ्यावे, कारण पावसाळी हवेत भांडी हळू वाळतात आणि शिकणाऱ्याच्या चुका सुधारायला वेळ मिळतो. मीही जुलैसाठी पुन्हा नाव घातले आहे, आणि भट्टीत जाणारे प्रत्येक भांडे आधी गालाला लावून पाहते. गार लागले, तर आत अजून ओल आहे असे समजून ते परत फळीवर ठेवते.