विश्रामबागेतला ज्येष्ठांचा ताकदीचा वर्ग : आठ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गौरी बसवताना पाटासमोर खाली बसले आणि उठताना सुनेचा हात धरावा लागला. वय ६९, एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत उभ्यानं शिकवलेलं. त्या संध्याकाळी मला झोप लागली नाही. गणपती उठल्यावर सांगलीत विश्रामबागेतल्या या फिजिओथेरपीच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस, महिना बाराशे रुपये.

पहिल्या दिवशी व्यायाम नाहीच, नुसती मोजणी. पकडीचं यंत्र दाबलं, उजवा हात १५ किलो. मग हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं. मला १७ सेकंद लागले. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरलेले आकडे मॅडमनी कागदावर लिहून दाखवले : बाईची पकड १८ किलोच्या खाली नको आणि पाच उठाबशा बारा सेकंदांच्या आत व्हायला हव्यात. मी दोन्हीकडे नापास. आजवर मला कुणीही सांगितलं होतं ते ‘आता वय झालं’ एवढंच. आकडा पहिल्यांदा हातात आला.

पायाला वाळूच्या पट्ट्या बांधून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करायचा. सुरुवात अर्ध्या किलोनं, आज तीन किलो. शेवटच्या दोन वेळांना पाय थरथरतो, मांडीत आग होते, आणि मॅडम शेजारी उभ्या राहून मोजतात, “आठ झाले काकू, अजून दोन.” ‘झेपेल तेवढंच करा’ असं इथे म्हणत नाहीत, आणि मला हेच सगळ्यात आवडलं. वजन वाढवल्याशिवाय ताकद वाढत नाही. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून आठ आठवडे जड वजनाचा व्यायाम करून घेतला, तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. फिजिओथेरपी शिकणाऱ्या भाचीनं हे सांगितलं तेव्हा मला रडू आलं. माझी आई शेवटची चार वर्षं खाटेवर होती. तिच्या पायाला कुणी अर्धा किलोसुद्धा बांधला नाही.

आता उणी बाजू. नाव घालताना औषधं विचारली नाहीत. मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. अमेरिकेत २०१९ साली पासष्टीपुढच्या, मधुमेह नसलेल्या लोकांना चौदा आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा ही गोळी घेणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी भरले. मग मधुमेह असलेल्या माझ्यासारखीचं काय? मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. गोळी मनानं बंद करायची नाही, हे मात्र बजावलं. आमच्या वर्गातल्या चौदापैकी सहाजण ही गोळी घेतात. घरोघरी साखर असलेल्या आपल्या मुलखात हा प्रश्न आपल्याच माणसांवर तपासायला हवा. माझ्या आग्रहानंतर आता फॉर्मवर औषधांचा रकाना आला आहे.

दुसरं, सगळी मोजणी खुर्चीवर. आमचं आयुष्य गेलं जमिनीवर : जेवण, पूजा, भाजी निवडणं. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला लावून गुण दिले. कमी गुण पडलेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यू जास्त झाले, असं त्यांना २०१२ साली दिसलं. मग जन्मभर मांडी घालून बसण्यानं आमचे पाय टिकले की गुडघे झिजले? मला हे जाणून घ्यायचंय, आणि त्यासाठी कुणी माझीच मापं घेतली तरी चालेल. आम्ही मागितल्यावर शनिवारी चटई अंथरतात.

डिसेंबरमध्ये मॅडम रजेवर असताना आलेल्या मुलानं पाठ वाकवून वजन उचलू दिलं. दहा दिवस कंबर धरली होती. बदली माणूस दिसला तर स्पष्ट विचारा, पूर्वी म्हाताऱ्या माणसांना शिकवलंय का. जिन्याचा कठडाही हलतो.

परवाची मोजणी : पकड १९ किलो, उठाबशा ११ सेकंद. मागच्या आठवड्यात गच्चीवर कुरडया घालायला दीड तास खाली बसले होते. चीक संपला तशी उठले आणि पातेलं घेऊन खाली गेले. सून वरच होती, तिला हाक मारली नाही.

जाणार असाल तर साडेसातची बॅच घ्या. वर पत्रा आहे, अकराला फार तापतो.