दारातला सावकार की पतसंस्था?

पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत हातगाडीवाल्याला १०,००० रुपयांची नड पडली, तर विनापरवाना सावकार तासाभरात रोकड हातावर ठेवतो. पतसंस्थेत मात्र सभासदत्व, जामीनदार आणि कागदपत्रे यांत दिवस जातात. नडलेल्याला दोष देणे मला पटत नाही. परंतु महिना १० टक्क्यांनी दरमहा १,००० रुपये नुसत्या व्याजात जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शासनाने बिगरशेतकऱ्यांच्या विनातारण कर्जाला ठरवून दिलेल्या वार्षिक १८ टक्क्यांनी तेच व्याज १५० रुपये होते.

हप्ता थकला की हा फरक साऱ्या गल्लीला दिसतो. पतसंस्था नोटीस पाठवते आणि सहकार कायद्याने वसुली करते. सावकाराची माणसे हातगाडीच ओढून नेतात, सही घेतलेला कोरा धनादेश नाचवतात आणि प्रसंगी चारचौघांत हात उगारतात. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे, तरी उद्या पुन्हा त्याच्याच दारात उभे राहावे लागेल या धास्तीने तक्रार होत नाही, आणि त्यातूनच वस्तीत गुंडांची दहशत वाढते. पतसंस्थाही बुडतात, ठेवीदारांनी ते भोगले आहे. तरीही माझा कौल पतसंस्थेलाच आहे. मात्र तिने छोट्या कर्जाचा निर्णय एका दिवसात दिला पाहिजे.